नावाचा रकाना

सोल्जर बोर्डाचे कारकून हनीफभाई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पुण्याहून सायकलवर दिघीला येत आणि चावडीत टेबल मांडून बसत. आज त्यांनी सर्वांत आधी मंजुळाबाईचा कागद काढला.

तिचा नवरा चिमाजी जाऊन आठ महिने झाले होते. ब्रह्मदेशात लागलेल्या जखमेचे पेन्शन त्याला मिळत असे, आणि शेवटी त्या जखमेनेच तो गेला. पेन्शन आता बायकोच्या नावे व्हावे म्हणून हनीफभाईंनी रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रे लिहिली होती. तिसऱ्याचे उत्तर आले होते. पलटणीच्या कागदावर चिमाजीच्या बायकोचे नाव मंजुळा नव्हते. ठकू होते.

"ठकू मीच," मंजुळाबाई म्हणाली. "म्हायेरचं नाव. लग्नात बदललं."

हनीफभाईंनी मान डोलावली. माझा विश्वास आहे, ते म्हणाले, पण विश्वास कागदाला जोडून पाठवता येत नाही. ठकू म्हणून ओळखणारे कोणी साक्षीला हवे. माहेरी आता तिचे कोणी उरले नव्हते. तिने खांबाला टेकून बसलेल्या सुभद्राबाईकडे हात केला.

"ती हाय की. आमी दोघी तळवड्याच्या."

दोघी एकाच मांडवातून दिघीला आल्या होत्या. दोघींचे नवरे एकाच दिवशी भरती झाले होते. सुभद्राबाईचा नवरा, अर्जुनराव, धडधाकट परत आला होता. आज तो सरकारी पडीक जमिनीसाठी अर्ज द्यायला आला होता, आणि त्याचे पलटणीतून सुटल्याचे डिस्चार्ज बुक टेबलाच्या कडेला पडले होते.

कागद पुढे ओढता ओढता हनीफभाईंनी सहज विचारले, की भरतीच्या वेळी सगळे जण बायकोचे सासरचे नाव सांगतात, चिमाजीने माहेरचे कसे सांगितले.

मंजुळाबाईने खाली पाहिले. "घरात दुसरं कुनी नसलं की त्याच नावानं हाक मारायचे."

हे सुभद्राबाईला माहीत नव्हते. चिमाजी लढाईवरून बायकोला वेगळे पत्र पाठवी, हे माहीत होते. तिच्या स्वतःच्या घरी यायचे ते पत्र सासऱ्याच्या नावे, आणि त्यात म्हशीची चौकशी असे. पण चिमाजी गेला, मंजुळाचे कपाळ मोकळे झाले, तेव्हा तिला वाटले होते की हेवा करण्यासारखे आता काही राहिले नाही.

"बाई, तुम्ही यांना ठकू म्हणून ओळखता का?"

"ल्हानपनीचं कोन ध्यानात ठेवतंय," सुभद्राबाई म्हणाली.

मंजुळाबाईने तिच्याकडे पाहिले. टेकडीमागे लष्कराच्या चांदमारीवर गोळ्या सुटत होत्या. हनीफभाईंनी पेन खाली ठेवले आणि हळू आवाजात सांगितले, की साक्ष झाली नाही तर कागद परत जाईल, आणि परत गेलेला कागद पुन्हा येतोच असे नाही.

"अगं, आठव की," अर्जुनराव तंबाखू मळत म्हणाला. "संगट नदीवर जात व्हता म्हन."

अगं. अठरा वर्षे तेच.

सुभद्राबाई उठून टेबलाजवळ आली. "ठकूच हाय ती," ती म्हणाली. "डाव्या कोपरावर वन हाय बघा. नदीतल्या खडकाचा. मीच ढकललं व्हतं."

हनीफभाईंचे पेन थांबले. "का?"

"तिला नवा परकर घेतला व्हता."

मंजुळाबाईने बाही वर केली. वण होता, चिंचोक्याएवढा. ती सुभद्राबाईला म्हणाली, "तू तर म्हनली व्हतीस, पाय घसरला."

हनीफभाईंनी वणाची लांबी, जागा सगळे नीट लिहून घेतले आणि जबानी वाचून दाखवली. सुभद्राबाईचे लक्ष नव्हते. तिने डिस्चार्ज बुकाकडे बोट केले.

"ह्यांच्या बुकात माझं कंचं नाव लिवलंय?"

"त्याचं आता काय काम?" अर्जुनराव म्हणाला.

हनीफभाईंनी बुक उघडले. पाने मागेपुढे केली, एका पानावर थांबले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"बायकोचा रकाना आहे," ते म्हणाले. "त्यात 'एक' लिहिलंय."

चावडीत कोणी तरी फस्सकन हसले.

हनीफभाई सावरून घेऊ लागले. भरतीच्या वेळी साहेबाने नाव विचारले असेल, यांनी नुसतेच बोट वर केले असेल, असे पुष्कळांचे झाले आहे.

"चारचौघांत बायकोचं नाव घेत्यात व्हय?" अर्जुनराव म्हणाला.

"चिमाजीभावजींनी घेतलं की," सुभद्राबाई म्हणाली.

हनीफभाईंनी तिच्या डाव्या अंगठ्याला जांभळी शाई लावली, कागद तिच्यासमोर सरकवला आणि पेन उचलले.

"साक्षीदाराचं नाव काय लिहू?"

"ह्यांना इचारा."

अर्जुनरावाने मळलेली तंबाखू तोंडापर्यंत नेली आणि तशीच मुठीत धरली. मंजुळाबाई त्याच्याकडे पाहत होती. तिचा कागद टेबलावर होता. चावडीतले सगळेच पाहत होते.

सुभद्राबाईने अंगठा कागदावर, बोटभर वर, धरून ठेवला होता. शाई कडेने वाळू लागली होती.