पुढची डावी जागा

"मावशी, खरंच उडी मारणार तुम्ही?" क्रेगने विचारलं, तोवर ग्लेनिस पाण्यात होतीसुद्धा.

वरच्या हिमनदीतून वितळून आलेलं पाणी ते. पोहत पलीकडच्या खडकाला हात लावायचा आणि परत यायचं, ही राफ्ट नेणाऱ्या राविरीची पहिली अट. ज्याला जमणार नाही त्याने राफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. ग्लेनिस गेली, आली आणि निथळत काठावर उभी राहून म्हणाली, "मस्त आहे. या की!"

क्रेगचा दोनशे गाईंचा गोठा. आडदांड गडी, पण पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे दात कडकडा वाजत होते. सोबतच्या बाकी तिघांची गत त्याहून वाईट.

ग्लेनिस एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तीन वर्षांपूर्वी कर्करोगाच्या औषधांनी तिचे केस गेले, मग परत आले. बाकीचंही सगळं परत आलं, असं ती विचारणाऱ्याला ठणकावून सांगायची. हॉस्पिटलात तिच्या खाटेसमोर एक कॅलेंडर होतं. नोव्हेंबरच्या पानावर हीच नदी, हीच घळ, आणि राफ्टच्या पुढच्या टोकाला डावीकडे वल्हं उगारलेली एक बाई. नोव्हेंबर संपला तरी ग्लेनिसने नर्सला पान उलटू दिलं नाही. त्या जागेवर आपण बसायचं, हे तिने तिथेच ठरवून टाकलं. गेलं वर्षभर ती रोज सकाळी तळ्यात पोहत होती, भर हिवाळ्यातसुद्धा.

राविरी याच नदीकाठी वाढलेला. वीस वर्षं राफ्ट नेत होता. बोलायचा कमी, बघायचा फार.

"घळीत शिरलो की मधून बाहेर पडायला वाट नाही," त्याने सगळ्यांना सांगितलं. "कुणाला थांबवायचं असेल तर मी इथेच थांबवतो. आणि एक ऐका. राफ्ट उलटली तर तुम्ही तिच्याखाली असाल. तिथे नुसता फेस, डोळ्यांचा उपयोग शून्य. राफ्टच्या कडेने दोर आहे. हाताला लागला की धरायचा, सोडायचा नाही. बाकीचं विसरलात तरी चालेल."

मग त्याने पत्र्याच्या मगांतून उकळता चहा दिला. सगळ्यांनी बाह्या ओढून मग धरले. क्रेगने तर आपला घाईघाईने दगडावर टेकवला. ग्लेनिसने मात्र दोन्ही तळव्यांत धरला आणि फुंकर घालत बसली.

"हात भाजत नाहीत का हो?" क्रेगने विचारलं.

"तीस वर्षं शाळेची पातेली उचललीत बाबा. तुझ्यासारखे लोण्याचे हात नाहीत माझे."

सगळे हसले. राविरीही हसला आणि त्याने किटली पुन्हा स्टोव्हवर ठेवली.

लाइफ जॅकेटं चढली. ग्लेनिस मान खाली घालून एकेक बकल बघून बघून लावत होती.

"न बघताही लागतं ते, मावशी," राविरी म्हणाला.

"मी काम बघूनच करते. पोरांच्या जेवणात केस निघाला असता तर कुणी ऐकून घेतलं असतं का?"

क्रेगला मघाचा अपमान बोचत होता. राफ्टमधून पाण्यात पडणाऱ्याने संध्याकाळी स्वतःच्या ओल्या बुटातून बिअर प्यायची, हा इथला जुना दंडक. "पडायची वाट कशाला बघायची?" तो म्हणाला. "नदीत हात धरू. आधी काढेल त्याचा बूट!"

दोघं काठावर उकिडवी बसली. मिनिटभरात क्रेगची बोटं लालबुंद झाली आणि तो शिव्या देत उठला. ग्लेनिस अजून बसलेलीच.

"बूट धुऊन आणलायस ना रे?" तिने विचारलं, आणि पलीकडे उभ्या राविरीपर्यंत हशा गेला. ग्लेनिसला स्वतःचा इतका अभिमान कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

राविरी जागा सांगू लागला. "पुढे उजवीकडे क्रेग. पुढे डावीकडे..." तो थांबला. "मावशी, जरा इकडे या."

व्हॅनच्या मागे एक बादली ठेवली होती. वर ओला टॉवेल पसरलेला.

"ही शेवटची परीक्षा. तोंड नदीकडे करा. टॉवेलखालून फक्त बोटं बुडवा आणि सहन होईनासं झालं की सांगा."

ग्लेनिसला हसू आलं. अजून परीक्षा बाकीच होती तर! तिने बोटं बुडवली आणि ऐटीत नदीकडे बघत उभी राहिली. काठाला राफ्ट हेलकावत होती. पुढची डावी जागा इथूनही स्पष्ट दिसत होती.

"कसं आहे पाणी?"

"गार."

"नदीएवढं?"

"नदीहून जास्त. बर्फ घातलायस ना, लबाडा? म्हातारी पळेल असं वाटलं तुला. अरे, जेवणाच्या वेळेपर्यंत उभी राहीन मी."

राविरीची नजर राफ्टच्या कडेच्या दोराकडे गेली.

"मावशी, इकडे बघा," तो हलकेच म्हणाला, आणि त्याने टॉवेल उचलला.

बादलीतून वाफा निघत होत्या.