उजवी खुर्ची

धावपट्टी समोर स्वच्छ दिसायला लागली, तरी डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनने चाकं खाली सोडायला सांगितलं नव्हतं. उजव्या खुर्चीत बसलेल्या मास्तरांच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. चाकांचा दांडा त्यांच्या हाताशी होता. "चाकं राहिली," एवढंच म्हणायचं होतं. उजव्या खुर्चीतल्या माणसाचं कामच ते. पण मास्तर मूग गिळून बसले.

दोन विमान कंपन्या एक झाल्या, तेव्हापासून हे असं होतं. एक मोठी, एक लहान. मास्तर लहानीतले. वैमानिकांची ज्येष्ठता ठरवायची वेळ आली, तेव्हा मोठीतली सगळी वर गेली आणि लहानीतली सगळी खाली. लहान कंपनीची जुनी विमानं विकायला काढली, म्हणजे तोही आसरा गेला. निम्म्या कंपनीला विमान उतरवायला शिकवलं म्हणून ज्यांचं नाव मास्तर पडलं, ते अर्धं आयुष्य डावीकडे बसून आता उजवीकडे आले. खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्यांतली एक बायकोने उसवून दिली. "धागा किती घट्ट होता हो," एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. बिचारी दुसरं काय करणार!

आणि डावीकडे कोण? तर युवराज. हे नाव मास्तरांच्या जुन्या सहकाऱ्यांनी कँटीनमध्ये ठेवलेलं. मास्तर कॅप्टन झाले, तेव्हा या पठ्ठ्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तो मास्तरांना 'सर' म्हणायचा, पण असं काही म्हणायचा की त्यापेक्षा शिवी परवडली. मास्तरही कमी नव्हते. ते त्याला 'अहो कॅप्टन' म्हणायचे, आणि कामापुरतं सोडून अवाक्षर बोलायचे नाहीत.

दोन्हीकडच्या वैमानिक संघटनांचं भांडण लवादाकडे गेलं होतं. वर बसवलेली पोरं कच्ची आहेत, असं मास्तरांच्या संघटनेचं म्हणणं. लवाद म्हणाला, दाखवा. कालच्या बैठकीनंतर संघटनेचा अध्यक्ष मास्तरांना कोपऱ्यात घेऊन गेला होता. "तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसता. नोंद झालेली एक ढळढळीत चूक द्या, तुमची पट्टी परत आणतो." मास्तर त्याच्यावर उखडले होते. विमानात असले धंदे चालत नाहीत, असं चार लोकांदेखत त्याला सुनावलं होतं.

आणि आज ती चूक आयती समोर आली होती. नोंदही आपोआप होणार होती. जमीन जवळ आली आणि चाकं वरच असली की विमान स्वतःच बोंब मारतं, आणि ती बोंब कंपनीच्या दप्तरी पोचते. मग युवराज घाबरून विमान वर घेणार, एक चक्कर मारून पुन्हा उतरवणार. कुणाच्या केसालाही धक्का नाही. आणि समजा विमान नाहीच बोंबललं, तर आपण आहोतच की! मास्तरांनी स्वतःची अशी समजूत घातली. मागे दीडशे माणसं बसली होती, त्यांना काही विचारायचा प्रश्न नव्हता.

खालची घरं मोठी होत चालली. आधी नुसती छपरं, मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, मग दोरीवरचे कपडे. शब्द दोनदा जिभेवर आला आणि दोनदा मास्तरांनी तो मागे ढकलला. युवराजने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली नाही. अरे, माग की चाकं! तोंड उघडून माग एकदा!

विमानाने बोंब मारली.

"वर घेतोय," युवराज लगेच म्हणाला. आवाज जराही हलला नाही. याला घाम कसा फुटला नाही, असं मास्तरांच्या मनात आलं, पण विचार करायला वेळ नव्हता. दोघांचे हात भराभर चालले. विमानाने नाक उचललं. धावपट्टी मोकळी नव्हती, असं युवराजने प्रवाशांना बेधडक सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेला त्याने चाकं वेळेवर मागितली, मास्तरांनी ती सोडली आणि विमान अलगद टेकलं.

प्रवासी उतरायला लागले, तेव्हा कॉकपिटचं दार उघडं होतं. एक आजीबाई काठी टेकत दारात थांबल्या. "सुखरूप आणलंत रे बाबांनो! मी आधी नकोच म्हणत होते. सून म्हणाली, आई, घाबरता काय, आत दोघं असतात. एकाचं चुकलं तर दुसरा सांभाळून घेतो."

मास्तर कसेबसे हसले. त्यांना स्वतःची शिसारी आली. पट्टी परत मिळेल, बायको ती शिवूनही देईल, पण खांद्यावर चढवताना दर वेळी ही म्हातारी आठवेल, हे त्यांना कळून चुकलं. पण आता माघार घेऊन तरी काय होणार होतं? होऊन गेलं ते होऊन गेलं. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत त्यांनी मन घट्ट केलं.

"चाकं विसरलात तुम्ही, कॅप्टन," ते म्हणाले. "मला हे लेखी कळवावं लागेल."

युवराज पट्टा सोडून उठला. टोपी डोक्यावर नीट बसवली.

"विसरलो कुठे, सर?" तो म्हणाला. "तुम्ही लोक रुसून गप्प बसता, हेच तर आमच्या संघटनेला लवादापुढे दाखवून द्यायचं होतं."