तीनदा धुतलेलं जाकीट

आईने नवंकोरं जाकीट तिसऱ्यांदा बादलीत बुचकळलं, पिळलं आणि त्याची कोपरं न्हाणीघरातल्या खरखरीत फरशीवर खसाखसा घासायला घेतली. शेजारी बाबा दाढी करत होते.

"पंधरा दिवस मान मोडून शिवलंस," ते आरशातूनच म्हणाले, "आणि आता त्याचा जीव घेतेस?"

"नवं दिसलं तर ती हात लावणार नाही."

"मग सरळ सांग ना, मी शिवलंय म्हणून."

"मग तर बोटसुद्धा लावणार नाही."

बाबांनी गालावर फेस फासला. मुद्दा बिनतोड होता.

घरातल्या राणीसरकारांनी, वय वर्षं पंधरा, दीड वर्षापूर्वी जाहीर केलं होतं, "आई, तू शिवलेलं आता बास. मला माझी स्वतःची स्टाइल हवी." आणि दप्तर उचलून त्या शाळेत निघूनही गेल्या. आईने मशीनवर कव्हर घातलं, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत रचली. दोन महिने घरात मशीनचं कुणी नाव काढलं नाही. बाबांनी आपली उसवलेली पँट गुपचूप ऑफिसजवळच्या शिंप्याकडे नेली. आईने पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

राणीसरकारांची स्टाइल म्हणजे चौकातलं जुन्या कपड्यांचं दुकान. ते चालवणारी बाई गळ्यात बटणांची माळ घालायची, म्हणून ती सगळ्यांची बटणमावशी. तिथल्या ढिगात कंबरेपर्यंत बुडी मारून पोरगी काहीबाही उपसून आणायची. कुणाच्या तरी आजोबांचा शर्ट. एक बाही लांब, एक आखूड असा स्वेटर.

"ही तुझी स्टाइल?" आईने एकदा विचारलंच.

"हो. अशी दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखव."

नव्हतीच कुणाकडे, पण आईला बघवेना. शेवटी एका सकाळी तिने कव्हर काढलं, एक स्कर्ट शिवला, तीनदा धुतला, आत बाबांच्या जुन्या शर्टाचं लेबल टाचलं आणि बटणमावशीला गाठलं.

"ढिगात मधोमध ठेवा. वर नको, संशय येईल. तळाला नको, मिळणार नाही."

"वहिनी, तुम्ही चोर व्हायला हव्या होतात," मावशी म्हणाली आणि स्कर्ट मधोमध ठेवला.

संध्याकाळी पोरगी घरात गिरक्या घेत आली. "आई, बघ काय सापडलं. कंबर तर अशी बसलीये, जणू माझंच माप."

"नशीब लागतं बाई," आई म्हणाली आणि कांदा नसताना डोळे पुसले.

तेव्हापासून पोरगी शाळेत गेली की मशीन धडधडायचं. आईचंही नशीब उघडलं होतं. शिवलेलं पोचवायला जावं, तर मावशीच्या हाताशी एखादा जुना पडदा असायचा, मोहरीसारखा पिवळा, जाडजूड, एक डाग नाही. किंवा निळ्या पट्ट्यांची चादर. "कालच आलीये, कुणी विचारत नाही. न्या तुम्ही." असे रंग आईने आपणहून कधी निवडले नसते. पण कापड मांडीवर पडलं की सुचत जायचं. मावशी बोलायलाही वस्ताद. "हल्लीच्या पोरींना खिसे लागतात हो, चांगले खोल." की आईने खिसे खोल केलेच. उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे व्हायचे, तेही ढिगातूनच राणीसरकारांच्या खोलीत पोचायचे. खोली अशी खुलली होती, की मैत्रिणी येऊन नुसत्या भिंतीला टेकून बसायच्या.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी चहा पिताना पोरगी म्हणाली, "महिनाअखेरीला शाळेत स्पर्धा आहे. कमी खर्चात स्वतःची स्टाइल. मी सगळं मावशीकडचंच घालणार. शिवणाच्या बाई प्रत्येक कपडा उलटा करून बघणार आहेत."

आईने कप खाली ठेवला. "उलटा कशाला?"

"टाके बघायला. सगळे कपडे एकाच हातचे असले, तर त्यांना लगेच कळतं म्हणे."

"मग? कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"काही नाही. बिस्कीट घे."

बाईंनी ओळखलं, तर चारचौघींत पोरीची फजिती. आणि मग ती हे सगळं उतरवून ठेवणार, स्कर्ट, खिसे, अभ्रे, सगळं. म्हणून या जाकिटाचे टाके तिने मुद्दाम वाकडे घातले होते. आणि मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. आता बास.

जाकीट वाळल्यावर ते पिशवीत घालून ती दुकानात गेली. माळवाली बाई नव्हती. गल्ल्यामागे चष्म्यातली एक अनोळखी बाई स्वेटरच्या घड्या घालत होती.

"मावशी नाहीत?"

"जाऊबाई दाढ काढायला गेल्यात. तुम्ही मशीनवाल्या वहिनी का?" बाईने खालून एक पुडकं काढलं. "तुमच्यासाठी ठेवलंय. तेवढं देऊन टाक म्हणाल्या."

आत गर्द हिरव्या मखमलीचा पडदा होता. आईने तो गालाला लावला. शेवटचं ठरवलेलं तिथेच डळमळलं. तेवढ्यात पडद्याला लावलेली टाचणी तिच्या बोटाला टोचली. टाचणीखाली वहीच्या पानाची चिठ्ठी होती. अक्षर डावीकडे कललेलं होतं. ते अक्षर तिनेच हात धरून गिरवून घेतलं होतं.

"मावशी, हा माझ्या आईच्याच हातात द्या, नेहमीसारखा. मला सगळं ठाऊक आहे हे तिला अजिबात कळू देऊ नका, नाहीतर ती परत मशीन झाकून ठेवेल. आणि या वेळी कॉलर गोल हवी, तेवढं गप्पांच्या ओघात तिला सुचवा."