औषधाचा टब

डुकरांच्या परदेशी रोगाची बातमी आली त्याच दिवशी बाईंनी आपल्या डुकरांच्या फार्मच्या फाटकात औषधाच्या पाण्याचा टब मांडला. त्यात बूट बुडवल्याशिवाय कुणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही. सख्खा भाऊ फणकारून परत गेला, तरी बाई बधल्या नाहीत. त्यांच्या एकाही डुकराला साधा ताप नव्हता.

पण शेजारच्या फार्मवर रोग निघाला, आणि आसपासची सगळी डुकरं मारायचा हुकूम सुटला. पथक घेऊन पशुसंवर्धन खात्याचे साहेब आले आणि चकचकीत बूट सांभाळत टबावरून टुणकन उडी मारून आत शिरले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला खराटा त्यांनी साहेबांपुढे आडवा धरला.

"मागे फिरा. आधी बूट बुडवा."

"आता कशाला, बाई? तासाभरात सगळी मारायचीच आहेत. तुमच्या शेजाऱ्यानं हा रोग कुठून आणला, कोण जाणे!"

"मी सांगते ना! पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही रोगाच्या गावातून थेट त्याच्याकडे तपासणीला आलात. टब त्याच्याही दारात होता, साहेब. मी कुंपणाशीच उभी होते. तेव्हाही तुम्ही अश्शीच उडी मारलीत."