नवा कोरा
दोघा भावांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ऑनलाइन लॅपटॉप विकायला सुरुवात केली, तेव्हा धाकटा विकायचा, थोरला बिघडलेले दुरुस्त करायचा. धंदा असा फोफावला, की गोदामात माणसं सायकलवरून फिरू लागली. थोरला मात्र गोदामाच्या कोपऱ्यात आणून ठेवलेल्या त्याच टेबलाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसे. एका म्हाताऱ्या बाईंनी बंद पडलेला लॅपटॉप पाठवला. "त्यात माझ्या गेलेल्या लेकाचा आवाज आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "काळजी सोडा मावशी, काढून देतो," त्यानं शब्द दिला. तापातून उठून तो कामावर परतला, तर टेबलच जागेवर नव्हतं. "दुरुस्ती परवडत नाही, दादा," धाकटा हसत म्हणाला. "जुने सगळे चुरडून टाकले, गिऱ्हाइकांना नवे पाठवले. फुकट! लोक खूश!" तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. "नवा पोचला, बाळा," मावशी म्हणाल्या. "त्याचा आवाज ऐकायला कुठलं बटण दाबू?"