पांढरीचं टेकाड

नदीकाठच्या बागेतल्या टेकाडावर हौसाक्का गावातल्या बायकांना घेऊन ठाण मांडून बसली होती. खाली जेसीबी घुरघुरत होता. वाडवडलांचं गाव याच पांढरीखाली, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीखाली गाडलेलं, म्हणून इथं कुणी पायताण घालून चढत नसे.

ठेकेदार दत्तू तावातावानं वर आला. तोही याच गावचा.

"आक्का, ऊठ! नुसता मातीचा ढिगारा हाय. पार्किंग होणार इथं."

"नुसता ढिगारा?" आक्कानं त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "मग बूट कुणासाठी काढलेस रं?"

दत्तूनं खाली पाहिलं. पाय अनवाणी होते. बूट पायथ्याशी, साऱ्यांच्या चपलांशेजारी.

जमलेल्या बायकांत हशा पिकला. दत्तूही ओशाळून हसला. "फिरव रं मशीन," तो ओरडला, "पार्किंग वेशीबाहेर करू!"

आक्का उठली, टोकाच्या कठड्याशी गेली अन् पैलतीरावर धुणं धुणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशी गरजली, "पांढर राहिली गं, बायांनो!"