शुक्रवारची कॉफी

शुक्रवारी बुरुल न सांगताच बिश्केकला बाबांकडे आली आणि जिन्यातच थबकली. घराघरांतून बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळल्याचा वास येत होता. शुक्रवारचा हा वास वारलेल्या माणसांपर्यंत पोचतो, अशी तिथली समजूत. बाबांच्या दाराशी मात्र कॉफीचा वास घुटमळत होता. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. चहाशिवाय कशाला न शिवणारे बाबा नव्याकोऱ्या फ्रेंच प्रेससमोर, दांडा दाबून कॉफी गाळायच्या भांड्यासमोर, उभे होते, शेजारी आईचा कप. थंडीतही खिडकी सताड उघडी. "नवी आई येणार आहे वाटतं? म्हणून वास लपवताय?" बुरुलने विचारलं. "लपवत नाही गं, पाठवतोय. तुझ्या आईला तळणीचा ठसका लागायचा. शेवटी कॉफीच मागायची. डॉक्टर नको म्हणायचे." बाबांनी दांडा जोरात दाबला आणि गाळ उसळून ओट्यावर सांडला. बुरुलने फडकं घेतलं. "पूड जाडसर दळायची, बाबा, आणि दांडा सावकाश दाबायचा," म्हणत तिने शेजारची खिडकीही सताड उघडली.